फुटले, मोडले, तुटले



वसंत व्याख्यानमालेत राजकारण, अर्थकारण, इतिहास, साहित्य असे भारदस्त विषय आपण ऐकत असता. त्यांच्या पंक्तीला आज मी एकच शब्द घेऊन बसणार आहे. शब्द इंग्रजी आहे, अगदी लहान मुलालाही येणारा आहे, आणि तो म्हणजे 'ब्रेक'. या शब्दाचे इंग्रजीत किती अर्थ होतात आणि त्या अर्थांना थायलंडच्या भाषेत काय म्हणतात, एवढाच आजचा विषय. थायलंडच का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळावे अशी माझी इच्छा आहे. न मिळाल्यास शेवटी विचारावे.

प्रथम एक खुलासा करतो. मोटारीला किंवा सायकलला जो ब्रेक असतो तो आजचा शब्द नव्हे. इंग्रजीत त्याचा उच्चार तोच असला तरी अक्षरे निराळी आहेत आणि शब्दही निराळा आहे. आपण मराठीत तो घेतला तेव्हा दोन्ही एकाच रूपात लिहू लागलो. थाई लोकांनीही तेच केले. गाडीचा ब्रेक आणि कचेरीतला चहाचा ब्रेक त्यांच्याही लिपीत अक्षरशः सारखा लिहिला जातो. परका शब्द घरात आला की घरधनी त्याला आपल्या सोयीने कपडे चढवतो, तो हा प्रकार आहे.

आता मूळ शब्दाकडे येऊ. इंग्रज माणूस म्हणतो, पेला ब्रेक झाला, काठी ब्रेक झाली, दोर ब्रेक झाला, घड्याळ ब्रेक झाले. वचन ब्रेक होते, कायदा ब्रेक होतो, विक्रम ब्रेक होतो. दिवस ब्रेक होतो म्हणजे उजाडते, आवाज ब्रेक होतो म्हणजे मुलगा वयात येतो, आणि सकाळच्या न्याहारीला तर त्याने नावच 'उपास मोडणे' असे दिले आहे. शब्दकोशात या एका क्रियापदाची नोंद स्तंभामागून स्तंभ चालते. इंग्रजीचा हा स्वभावच आहे. लहान, जुने, एका अक्षराचे शब्द घ्यायचे आणि त्यांच्याकडून सगळी कामे करून घ्यायची. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ती 'सेट' या तीन अक्षरी शब्दाची. मोठमोठ्या पंडिती शब्दांना तिथे पाच-सात ओळींत वाटेला लावले आहे. एक गडी घरात ठेवावा आणि त्यानेच पाणी भरावे, गुरे राखावी, बाजार करावा आणि पाहुण्यांना सोडायला स्टेशनावरही जावे, तसे हे शब्द आहेत.

थाई भाषेचे घर निराळ्या पद्धतीने चालते. तिथे प्रत्येक कामाला निराळा माणूस आहे. या भाषेची दोन शब्दांत ओळख करून देतो. १९३९ साली ज्या देशाचे नाव सयामऐवजी थायलंड झाले, त्या देशाची ही भाषा. तिचे कूळ आपल्या भाषांचे नाही. तिचे स्वतःचे शब्द बहुतेक एका अक्षराचे, आणि त्यांना ना विभक्ती ना काळाची रूपे. उच्चारात पाच सूर आहेत, सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि ते सूर माझ्या तोंडून आपल्याला नीट ऐकू येणार नाहीत. परंतु तिची लिपी ब्राह्मीच्याच वंशातली आहे. वर्णमाला 'क'पासून सुरू होते, आणि पाली-संस्कृतातून आलेले शब्द तिच्यात इतके आहेत की आपल्याला जागोजाग ओळखीचे चेहरे भेटतात.

आता थाई माणसासमोर तीन वस्तू ठेवू: एक पेला, एक काठी आणि एक दोर. तिन्हींची गत एकच झाली असे इंग्रज म्हणेल, कारण त्याच्या मते तिन्ही ब्रेक झाल्या. थाई माणूस म्हणेल, पेला 'तॅक' झाला, काठी 'हक' झाली आणि दोर 'खात' झाला. (या 'खात'चा आपल्या खाण्याशी काही संबंध नाही.) तीन निराळी क्रियापदे, आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. काठी 'तॅक' झाली असे म्हटले तर थाई मूल हसेल.

आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात आलेच असेल की मराठी मूलही हसेल. पेला फुटतो, काठी मोडते, दोर तुटतो. 'काठी फुटली' म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. थाईतला 'तॅक' म्हणजे आपले फुटणे, 'हक' म्हणजे आपले मोडणे आणि 'खात' म्हणजे आपले तुटणे. दोन्ही भाषांचे कूळ एक नाही आणि देशांच्या सीमाही लागून नाहीत, तरीही जगातल्या मोडतोडीचे वर्गीकरण दोघांनी जवळजवळ सारखे केले आहे. जे ठिसूळ असून ज्याचे तुकडे विखुरतात ते एक, जे कठीण आणि लांबट असून जोर देताच मध्ये दुभंगते ते दुसरे, आणि जे ताणले जाऊन सलगता गमावते ते तिसरे. हे वर्गीकरण कोणा पंडिताने बसून केलेले नाही. स्वयंपाकघरात, शेतात आणि नावेवर काम करणाऱ्या माणसांनी ते केले आहे.

स्वयंपाकघरातून आवाज आला आणि ओसरीवरच्या आजीने विचारले, "काय गं झालं?" आतून उत्तर आले, "फुटलं!" एवढ्यावरून आजीला कळते की बरणी असेल, कपबशी असेल, पण पळी नव्हे आणि सुंभही नव्हे. "मोडलं" असे उत्तर आले असते तर तिने पोळपाटाच्या पायाची काळजी केली असती. कर्ता सांगितलेला नाही, तरी क्रियापदानेच वस्तूची जात सांगितली. थाई घरातही असेच होईल. इंग्रजीत मात्र "इट ब्रोक" म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. ही दोन शब्दांची वाक्ये थाईत उतरवायला दिली तर भाषांतरकार लेखणी खाली ठेवून विचारील, "वस्तू कोणती?" ती कळल्याशिवाय त्याला पुढे जाताच येणार नाही.

आता एकेक शब्द जरा उलगडून पाहू, कारण गंमत पुढेच आहे. 'तॅक' पासून आरंभ करतो. अंडे, मडके, टायर, गळू, धरण या सर्वांना थाई माणूस 'तॅक' लावतो. आपणही अंडे, मडके, टायर, गळू आणि धरण यांना फुटणेच लावतो. १२ जुलै १९६१ या दिवशी पुण्यावर जे संकट आले त्याचे वर्णन आजही 'पानशेत फुटले' या दोन शब्दांत होते. 'मोडले' किंवा 'तुटले' म्हणून ते सांगताच येत नाही. पण वस्तूंपुरते हे साम्य असते तर मी ते फारसे मनावर घेतले नसते. भौतिक घटना सर्वत्र सारख्याच दिसतात. खरे नवल लाक्षणिक अर्थांचे आहे.

भीतीने किंवा श्रमाने घाम येतो तेव्हा थाईत म्हणतात 'ङुअ तॅक'. 'ङुअ' म्हणजे घाम. घाम फुटला! झाडाला नवी पाने येतात तेव्हा म्हणतात 'तॅक बइ', पालवी फुटली. बांबूला कोंब येतो तेव्हाही हेच क्रियापद. गुपित बाहेर पडते तेव्हा म्हणतात 'ख्वाम तॅक'. 'ख्वाम' म्हणजे गोष्ट, प्रकरण. आपण म्हणतो बिंग फुटले. मुलगा वयात येऊन त्याचा आवाज बदलतो तेव्हा म्हणतात 'सिअंग तॅक', आणि आपण म्हणतो कंठ फुटला. आता या 'सिअंग' शब्दाचा थाईत आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे निवडणुकीतले मत. म्हणून सभागृहात एकमत न होता मते विभागली गेली तरी वर्तमानपत्रात मथळा तोच, 'सिअंग तॅक'. आपल्याकडे निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी काय छापून येते ते आपल्याला सांगायला नको. मते फुटली!

हे उसने घेतलेले वाक्प्रचार नाहीत. थाई लोकांनी मराठीतून घेतले नाहीत आणि आपण थाईतून घेतले नाहीत. आत काहीतरी दडलेले असते, वरचे कवच ते सोसत नाही आणि मग ते आपल्या जोराने बाहेर येते, हे एक चित्र आहे. घाम, पालवी, गुपित आणि कंठ या चार गोष्टींत ते चित्र दोन्ही समाजांना दिसले. इंग्रजालाही ते अर्धेमुर्धे दिसले आहे, तोही घामात 'ब्रेक' होतो आणि त्याचाही आवाज 'ब्रेक' होतो. पण झाडाला पालवी येते तेव्हा त्याला हा शब्द सहसा सुचत नाही. मोडतोडीच्या शब्दात नवजन्माचा अर्थ थाईने पाहिला आणि मराठीने पाहिला.

एक पाऊल पुढे जाऊ. थाईत 'निराळा' या अर्थी 'तॅक-तांग' असा जोडशब्द आहे. जे फुटून वेगळे झाले ते निराळे. आपण संस्कृतातून घेतलेला 'भेद' हा शब्द काय सांगतो? भिद् म्हणजे फोडणे, आणि भेद म्हणजे फरक. एखाद्या विषयात ज्याची पूर्ण गती आहे त्याला थाईत 'तॅक-छान' म्हणतात, म्हणजे विषय ज्याच्यापुढे फुटून उघडा झाला आहे असा. आपल्या शाळामास्तरांनी संधीची फोड करायला शिकवले, आणि अवघड मुद्दा आला की आपण 'जरा फोड करून सांगा' असेच म्हणतो. ज्ञान म्हणजे नारळ आहे आणि तो फोडल्याशिवाय आतले खोबरे मिळत नाही, याविषयी दोन्ही देशांचे एकमत दिसते.

इतिहासातही हा शब्द भेटतो. अयुथया ही सयामची जुनी राजधानी. नाव अर्थातच आपल्या अयोध्येवरून. १७६७ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती जिंकली आणि जाळली. आपल्या पानिपतानंतर अवघ्या सहा वर्षांनी. थाई माणूस त्या प्रसंगाला 'क्रुंग तॅक' म्हणतो, राजधानी फुटली. आपण गड 'पडला' म्हणतो, नगर 'पडले' म्हणतो. आपल्या डोळ्यांपुढे उंचावरून खाली येणे आहे. थाई माणसाच्या डोळ्यांपुढे भरलेले मडके आहे, ते फुटले आणि आतली माणसे चहूंकडे पांगली. साम्याच्या भरात हा फरक विसरू नये म्हणून तो मुद्दाम सांगितला.

दुसरा शब्द 'हक'. फांदी, हात, पाय, पेन्सिलीचे टोक यांना हा लागतो. इथवर आपले मोडणे त्याच्या बरोबरीने चालते. पुढे वाटा फुटतात. प्रेमात निराश झालेल्या माणसाची अवस्था थाईत 'ओक हक' अशी सांगतात. 'ओक' म्हणजे छाती. छातीच मोडली! इंग्रजाचे हृदय ब्रेक होते, पण ते काचेसारखे की काठीसारखे हे तो सांगत नाही. थाई सांगतो, काठीसारखे. विश्वासघाताला थाईत म्हणतात 'हक लंग', म्हणजे पाठ मोडणे. आपण पाठीत वार करतो, ते पाठच मोडतात. पगारातून रक्कम वजा करणे यालाही 'हक' म्हणतात, तिथे आपण 'कापतो'. पण आपण शंभराची नोट 'मोडतो' आणि सुटे पैसे घेतो, तिथे थाई माणूस नोट 'तॅक' करतो, म्हणजे फोडतो. आपल्या नोटेचे दोन भाग झाले, त्याच्या नोटेचा चुरा झाला. ज्याला जे अधिक सुटे पैसे मिळाले असतील त्याप्रमाणे शब्द बसला असावा, असे विनोदाने म्हणावेसे वाटते.

तिसरा शब्द 'खात', तुटणे. इथे मराठी थाईहून एक पाऊल पुढे आहे. दोर तुटतो आणि सदरा फाटतो, असे आपण दोन शब्द वापरतो. थाईत दोर आणि सदरा दोन्ही 'खात' होतात. पण या शब्दाचा विस्तार पाहा. 'खात' म्हणजे उणीव असणे. शाळेत गैरहजर राहणे म्हणजे 'खात रिअन', शिक्षणाचा धागा तुटणे. धंद्यात बुडणे म्हणजे 'खात थुन'. 'थुन' म्हणजे भांडवल. आणि सरकारी अंदाजपत्रकात जमेपेक्षा खर्च जास्त झाला की त्याला म्हणतात 'खात दुन'. हा 'दुन' म्हणजे संस्कृतातला 'तुल', तराजूचा तोल. तोल तुटला. आता आपला शब्द काय? अंदाजपत्रकात 'तूट' आली! धंद्यात 'तोटा' आला! दोन्ही शब्द तुटण्याच्याच घरचे. बँकॉकचा अर्थमंत्री आणि मुंबईचा अर्थमंत्री एकमेकांची भाषा न जाणता, आपल्या दुःखाला एकाच क्रियापदातून वाट करून देतात.

पैशाचे दुःख सोडा, मनाचे घ्या. एखाद्याची फार आठवण येते, जीव कासावीस होतो, तेव्हा थाईत म्हणतात 'चइ च खात'. 'चइ' म्हणजे मन, जीव, आणि मधला 'च' म्हणजे 'होणार, होऊ घातले आहे'. जीव तुटायला आला आहे. परगावी असलेल्या लेकरासाठी आईचा जीव तुटतो असे आपण म्हणतो. त्या वाक्याचे इंग्रजी करताना आपली किती तारांबळ उडते ते आठवा. थाईत ते शब्दाला शब्द ठेवून होते.

मघाशी घड्याळ ब्रेक झाले होते, ते तसेच राहिले. यंत्र चालेनासे झाले तर थाई माणूस वरीलपैकी एकही शब्द वापरत नाही, कारण काहीच फुटलेले, मोडलेले किंवा तुटलेले नाही. तो म्हणतो 'सिआ', बिघडले. आणि इथे आपले नातेवाईक भेटू लागतात. मोटारीला थाईत म्हणतात 'रोत'. लिहिताना ते 'रथ' असे लिहितात, पण शब्दाच्या शेवटी आलेला थ, द, स या साऱ्यांचा उच्चार ते 'त' करतात. 'रोत सिआ', रथ बिघडला. घड्याळाला म्हणतात 'नालिका'. हा पाली शब्द, संस्कृतात नाडिका, म्हणजे आपली चोवीस मिनिटांची घटका. टेलिफोनला म्हणतात 'थोरसप', म्हणजे दूर आणि शब्द. आपण 'दूरध्वनी' केला, त्यांनी 'दूरशब्द' केला. 'सिआ' पुढे फार लांब जातो. 'थोंग सिआ' म्हणजे पोट बिघडले. 'सिआ वेला' म्हणजे वेळ वाया गेला. 'सिआ छीवित' म्हणजे जीवित गेले, मृत्यू आला. आणि 'सिआ चइ', मन बिघडले, म्हणजे वाईट वाटले. दुसऱ्याच्या दुःखात थाई माणूस हेच दोन शब्द बोलतो.

आता न दिसणाऱ्या गोष्टींचे 'ब्रेक' होणे पाहू. आपण इथे फार उदार आहोत. वचन मोडते, करार मोडतो, कायदा मोडतो, सवय मोडते, विक्रम मोडतो, ठरलेले लग्नही मोडते. थाई माणूस यांतले एकही 'हक' करीत नाही. वचनभंगाला तो म्हणतो 'फित सन्या'. 'फित' म्हणजे चूक, आणि 'सन्या' म्हणजे पालीतला 'सञ्ञा', आपला संज्ञा. कायदा मोडणे हेही त्याच्या लेखी 'फित'च. म्हणजे आपण त्या कृत्याकडे वस्तूची नासधूस म्हणून पाहतो, तो माणसाची चूक म्हणून पाहतो. विक्रम मात्र तो 'थमलाय' करतो, उद्ध्वस्त करतो, आणि विक्रमाला शब्द आहे 'सथिति', आपली स्थिती.

उपासाचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. इंग्रज उपास ब्रेक करतो. मराठीत उपास सोडणे आणि उपास मोडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सोडला तर पुण्य पदरात, मोडला तर पाप. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आई उपास सोडते, आणि एकादशीलाच भजी खाणारा मुलगा तो मोडतो. इंग्रजीतला एकच शब्द या माय-लेकरांना एका पारड्यात बसवतो. थायलंडच्या दक्षिणेत मुसलमान वस्ती मोठी आहे. रमजानमध्ये सूर्यास्तानंतर ते जे करतात त्याला थाईत म्हणतात 'ल सीन ओत'. यातला 'सीन' म्हणजे आपले शील, व्रत, 'ओत' म्हणजे उपाशी राहणे, आणि 'ल' म्हणजे सोडणे. तिथेही व्रत सोडतात, मोडत नाहीत. जिथे व्रते आहेत तिथल्या भाषेला हा विवेक ठेवावाच लागतो.

अनोळखी माणसांतला संकोच दूर करणे याला इंग्रज 'बर्फ फोडणे' म्हणतो. थायलंड उष्ण देश, नदीवर बर्फ कोणी पाहिला? शिबिरात नव्या मुलांची ओळख व्हावी म्हणून जे खेळ घेतात त्यांना तिथे 'वर्तन विरघळवण्याचे' खेळ म्हणतात. 'वर्तन' या अर्थी त्यांचा शब्द आपल्या 'वृत्ती' आणि 'कर्म' यांचा बनलेला आहे. बर्फ गेला, पण विरघळणे राहिले. परक्याची कल्पना घ्यावी आणि ती आपल्या हवामानात रुजवावी, याचा हा चांगला नमुना आहे.

ही सर्व कामे एका इंग्रजी शब्दासमोर ओळीने मांडून दाखवणे म्हणजे कोशकाराचे काम, आणि तिथे एका माणसाची आठवण करणे मला आवश्यक वाटते. त्यांचे नाव सो सेठपुत्र. नावातला 'पुत्र' आपलाच, उच्चार 'बुत'. इंग्लंडमध्ये शिकलेले हे गृहस्थ सयामच्या राजाच्या सचिवालयात होते. १९३२ साली तिथली अनियंत्रित राजसत्ता गेली, १९३३ साली राजपुत्र बोवोरदेत यांचे बंड फसले, आणि त्या धामधुमीत सेठपुत्र राजबंदी झाले. अकरा वर्षे ते तुरुंगात होते. त्यांतला काही काळ अंदमान समुद्रातल्या तारुताओ बेटावर गेला. या कारावासात त्यांनी इंग्रजी-थाई शब्दकोश रचला. १९४४ साली सुटका झाली. त्यांच्या कोशावर थायलंडच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या.

महाराष्ट्राला ही कथा सांगताना टीपा द्याव्या लागत नाहीत. मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले गेले, अंदमानच्या कोठडीत कविता रचल्या गेल्या, हे आपण जाणतो. परंतु शब्दकोश हे आणखी निराळे धैर्य आहे. त्यात स्वतःचे मत मांडण्याचे समाधान नाही. रोज एक शब्द घ्यायचा, त्याचे सगळे अर्थ आठवायचे, प्रत्येकाला आपल्या भाषेतला नेमका शब्द शोधायचा आणि उद्या पुढचा शब्द. ज्याच्यावर दार बंद झाले होते, त्याने आपल्या लोकांसाठी एका भाषेचे दार उघडले.

आता मुद्द्याचे बोलतो. आपण थाईकडे पाहतो ते कोणत्या खिडकीतून? इंग्रजीच्या. मराठी मुलगा थाई शिकायला बसला तर हातात थाई-इंग्रजी कोश घेतो. त्यात 'तॅक'पुढे ब्रेक, 'हक'पुढे ब्रेक आणि 'खात'पुढेही ब्रेक. तीन शब्द पाठ करताना त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. खरे तर त्याला शिकण्यासारखे काहीच नव्हते. आईच्या मांडीवर तो हे तिन्ही भेद शिकूनच आला होता. 'तॅक म्हणजे फुटणे' एवढे कोणी सांगितले असते तर घाम, पालवी, बिंग आणि मते त्याला एका दमात आली असती. पण फुटणे इंग्रजीच्या पुलावरून जाताना ब्रेक झाले आणि पलीकडे उतरताना त्याला आपले मूळ रूप आठवेना. हल्ली भाषांतर करणारी यंत्रे आली आहेत. त्यांतली पुष्कळशी अशा दोन भाषांमधला प्रवास इंग्रजीच्या वाटेनेच करीत आली आहेत. शेजाऱ्याच्या घरी जायला लंडनला वळसा घालावा, तसे हे झाले.

म्हणून माझे पहिले मागणे विद्यापीठांकडे आणि कोशकारांकडे आहे. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांनी इंग्रजी-मराठी कोश दिला आणि १८५४ साली पाल्गुआ या फ्रेंच धर्मोपदेशकाने पॅरिसमध्ये थाईचा कोश छापला. ते परके होते, त्यांनी आपापल्या भाषेकडे पूल बांधले, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. आता आशियातल्या भाषांचे आपसांतले पूल आपणच बांधायचे आहेत. हजार शब्दांची एक मराठी-थाई पुस्तिका हे काही अशक्य काम नाही.

दुसरे मागणे आपल्या सर्वांकडे आहे आणि ते अधिक निकडीचे आहे. अलीकडे मराठी घरांत 'काच तुटली', 'कप तुटला' असे कानांवर येऊ लागले आहे. हिंदीत काच 'टूटती' है, हाडही 'टूटता' है आणि धागाही 'टूटता' है. तो हिंदीचा प्रघात आहे आणि हिंदीत तो शोभतो. इंग्रजीत सगळेच ब्रेक होते, तेही तिथे शोभते. पण मराठी मूल दिवसभर या दोन भाषा ऐकून घरी येते आणि तीन शब्दांचे काम एकाकडून करून घेऊ लागते. अर्थ कळतो ना, मग बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की, काच तुटू लागली म्हणजे फुटणे हा शब्द घरातून हळूहळू निघून जातो, आणि त्याच्याबरोबर घाम फुटणे, कंठ फुटणे, पालवी फुटणे आणि तांबडे फुटणे यांचे मूळही जाते. मुलाला ते वाक्प्रचार पुस्तकातून पाठ करावे लागतात, कारण ज्या बरणीवरून ते निघाले ती त्याच्या बोलण्यात फुटतच नाही.

हे केवळ अलंकाराचे नुकसान नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी 'फ्रॅक्चर' म्हटले की म्हाताऱ्या माणसाचा धीर सुटतो. हाडाला तडा गेला आहे की हाड मोडले आहे, हे मराठीत सांगितले तर अर्धी भीती जागच्या जागी निवते. थाई डॉक्टरलाही तडा जाण्यासाठी 'राव' आणि मोडण्यासाठी 'हक' असे दोन शब्द हाताशी आहेत. नेमका शब्द म्हणजे नेमकी काळजी.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. मुलाच्या हातून पेला पडून "तुटला" असे तो म्हणाला तर रागावू नका. तुकडे गोळा करताना एवढेच म्हणा, "हो, फुटला." दोरीवरून उडी मारताना दोरी गेली तर "तुटली" म्हणा. पट्टी वाकवता वाकवता गेली तर "मोडली" म्हणा. आणि कोणी विचारलेच की हे इतके भेद हवेत कशाला, तर सांगा की समुद्रापलीकडे थाई नावाची एक भाषा आहे, तिने कोणाचेही न पाहता हेच भेद केले, आणि आजही ती ते जपते आहे.